लिंगांच्या म्युझियमवरची फिल्म क्रिटिक्सना आवडली कशी, आणि तो टोमॅटोचा आकडा नेमकं काय सांगतो

ओटीटीवर काहीतरी शोधताना मधेच एखादी भलत्याच विषयावरची डॉक्युमेंटरी समोर येते, नावाखाली रॉटन टोमॅटोज या रिव्ह्यू गोळा करणाऱ्या साइटचा लाल टोमॅटो, त्याला नव्वदीतली टक्केवारी, आणि बाजूच्याच मोठ्या स्टारच्या सिनेमाला मात्र जेमतेम पन्नास-पंचावन्न. मग माणूस गोंधळतोच, की हे क्रिटिक लोक बघतात तरी काय आणि हा आकडा खरा मानायचा की नाही. हा गोंधळ अगदी रास्त आहे, कारण आपल्याला वाटतं की हा आकडा फिल्म किती चांगली आहे ते सांगतो, आणि ते तो सांगतच नाही. समजावून घ्यायला मी एकच फिल्म धरणार आहे, 'द फायनल मेंबर', कारण हिचा विषय असा आहे की तिच्यावर लिहिताना क्रिटिकचा कस लागतो. आणि मला ती मनापासून आवडते हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे माझं म्हणणं कुठल्या बाजूला झुकतंय ते तुम्हाला कळेल.

आधी ते म्युझियम काय आहे ते बघू

आइसलँडमध्ये सस्तन प्राण्यांच्या लिंगांचं म्युझियम आहे. हो, तेच, बरोबर वाचलंत. ते सुरू करणारे सिगुर्दुर ह्यार्तार्सन, सगळे त्यांना सिग्गी म्हणतात, पेशाने शिक्षक, इतिहास शिकवायचे, हेडमास्तरही होते. लहानपणी गावाकडे गुरं हाकायला त्यांना बैलाच्या वाळवलेल्या लिंगाचा चाबूक मिळाला होता आणि १९७४ मध्ये तसाच एक पुन्हा हातात आला, तिथून सुरुवात. त्यांच्या शाळेतले काही शिक्षक उन्हाळ्यात जवळच्या देवमासे कापायच्या स्टेशनवर कामाला जायचे, ते चेष्टा म्हणून देवमाशांची आणून द्यायला लागले, आणि चेष्टा करणारे थकले पण हे थांबले नाहीत. कत्तलखान्यातल्या ओळखीतून जमिनीवरच्या प्राण्यांची मिळायला लागली. १९८० पर्यंत १३ नमुने झाले होते, आणि ऑगस्ट १९९७ मध्ये रेक्याविकला म्युझियम उघडलं तेव्हा ६२. नंतर २००४ मध्ये ते उत्तरेकडच्या हुसाविक नावाच्या बंदराच्या गावी गेलं, जिथे पर्यटक देवमासे बघायला येतात, आणि पुढे सिग्गींच्या मुलाने, ह्योर्तुरने, कारभार हातात घेतल्यावर २०११ च्या सुमारास परत रेक्याविकला आलं.

आत काचेच्या बरण्या, रसायनात ठेवलेले नमुने, काही वाळवून भिंतीवर लावलेले. देवमाशाच्या लिंगाचं नुसतं टोक १७० सेंटीमीटर आणि वजन ७० किलो, म्हणजे एका धडधाकट माणसाएवढं, आणि दुसऱ्या टोकाला हॅम्स्टरचं लिंगाचं हाड, फक्त २ मिलिमीटर, भिंगातून बघावं लागतं. (बऱ्याच सस्तन प्राण्यांना तिथे हाड असतं, कुत्र्याला असतं, वॉलरसला तर भलं मोठं असतं, देवमाशाला नसतं आणि माणसालाही नसतं. इतकी साधी गोष्ट आपल्याला कुठल्याच शाळेत कोणी सांगत नाही, आणि इथे ती एका काचेच्या कपाटापुढे उभं राहून कळते.)

कमी होता तो फक्त माणूस, आणि डॉक्युमेंटरी आहे ती त्या एका रिकाम्या बरणीची.

फिल्ममध्ये घडतं काय

जोना बेखोर आणि झॅक मॅथ या दोघांनी बनवलेली ही फिल्म २०१२ मध्ये टोरांटोच्या हॉट डॉक्स या डॉक्युमेंटरी महोत्सवात दाखवली गेली आणि अमेरिकेत थिएटरला लागली एप्रिल २०१४ मध्ये. सिग्गींचं वय होत चाललंय, संग्रह पूर्ण व्हायचाय, आणि दोन माणसं आपलं लिंग दान करायला तयार आहेत. एक पाउल आरासोन, आइसलँडमध्ये पर्यटन सुरू करणाऱ्यांपैकी एक, नव्वदी ओलांडलेले, तरुणपणच्या भानगडी अभिमानाने सांगणारे, मेल्यावर द्यायला तयार. दुसरा अमेरिकेतला एक माणूस, जो जिवंतपणीच ऑपरेशन करून द्यायला निघालाय कारण त्याला पहिला यायचंय, आणि त्याने आपल्या त्या अवयवाला नाव ठेवलंय, त्याच्यावर अमेरिकेच्या झेंड्याचा टॅटू काढून घेतलाय. एकाचं मरण लांबतंय, दुसऱ्याला घाई झालीय, आणि मधे हे म्हातारे हेडमास्तर.

पुढे काय झालं ते जाहीर आहे त्यामुळे सांगायला हरकत नाही, ज्यांना आधी फिल्म बघायचीय त्यांनी पुढचा परिच्छेद सोडा.

आरासोन जानेवारी २०११ मध्ये ९५ व्या वर्षी गेले आणि त्यांचा नमुना म्युझियमला मिळाला. पण तो जतन करताना नीट ताणून, मागून टाके घालून आकारात ठेवायला हवा होता, तो थेट फॉर्मल्डिहाइडमध्ये गेला, आणि आकसून करड्या-तपकिरी रंगाचा एक गोळा झाला. सिग्गींनी हे स्वतःच कबूल केलं होतं. इतकी वर्षं ज्या एका गोष्टीची वाट बघितली ती हातात आली आणि आपल्याच हातून थोडी बिघडली, हे मला त्या सगळ्या प्रकरणात सर्वात जास्त लागतं.

मग रिव्ह्यू कसे आले?

बहुतेक चांगले. सगळेच नाहीत, पण चांगले म्हणणारे बरेच जास्त. आणि चांगलं म्हणणाऱ्यांचा सूर साधारण एकच होता, की हसायला म्हणून बसलो आणि फिल्म निघाली म्हातारपणाबद्दल, मेल्यावर आपलं काय उरणार या धास्तीबद्दल, आणि एखादं काम पुरं करायच्या ध्यासाबद्दल. नाराज लोकांचं म्हणणं असं की मूळ विनोद एकच आहे, तो ताणलाय, आणि त्या अमेरिकन माणसाकडे फिल्म ज्या नजरेने बघते ती नजर खटकते.

आता एक गोष्ट लक्षात घ्या जी आपण सहसा बघतच नाही, ती म्हणजे रिव्ह्यू लिहिला कधी आणि कोणासाठी. २०१२ मधला महोत्सवातला रिव्ह्यू वाचणार होते मुख्यतः सिनेमाच्या धंद्यातले लोक, ही फिल्म विकत घ्यावी का, लोक तिकीट काढतील का हे ठरवणारे. २०१४ मधला रिव्ह्यू वाचणार होता शुक्रवारी संध्याकाळी कुठे जावं याचा विचार करणारा प्रेक्षक. पहिला लिहिणारा धंद्याच्या नजरेने बघतो, दुसरा खिशाच्या. अमेरिकेत ही फिल्म आणली ड्राफ्टहाउस फिल्म्सने, जी कंपनी मुळातच चाकोरीबाहेरचे सिनेमे उचलण्यासाठी ओळखली जायची, म्हणजे ज्यांना असलं काही बघायची सवय आणि आवड आहे असा प्रेक्षक तिला आधीच माहीत होता. आकड्याच्या यादीत मात्र हे सगळे रिव्ह्यू एकाच ओळीत येऊन बसतात, कोण कुठून आला याचा पत्ता लागत नाही.

टोमॅटोचा आकडा येतो कुठून

रॉटन टोमॅटोज ही वेबसाइट १९९८ मध्ये सुरू झाली. ती स्वतः रिव्ह्यू लिहून आकडा काढत नाही, वेगवेगळ्या ठिकाणचे रिव्ह्यू गोळा करते, अशा साइटला अ‍ॅग्रीगेटर म्हणतात. प्रत्येक रिव्ह्यूला फक्त एकच प्रश्न विचारला जातो, एकंदर पसंत का नापसंत. जितक्या टक्के लोकांनी पसंत म्हटलं तितकी टक्केवारी, ६० किंवा वर असेल तर ताजा लाल टोमॅटो, खाली असेल तर हिरवा डाग.

आपल्या दहावीच्या निकालासारखं आहे हे. शाळेबाहेर बॅनर लागतो, 'शाळेचा निकाल १०० टक्के', त्याचा अर्थ प्रत्येक पोराला १०० टक्के मार्क पडले असा कोणी घेत नाही, सगळे पास झाले एवढाच घेतो, मग त्यात काठावर ३५ वाले चाळीस जण असले तरी बॅनर तोच. टोमॅटोची टक्केवारी म्हणजे पास होणाऱ्यांची टक्केवारी आहे, मार्कांची नाही. हे एकदा डोक्यात बसलं की अर्धा गोंधळ तिथेच संपतो.

हिशोब करून बघू, कारण इथेच खरी गंमत आहे. समजा एका फिल्मला दहा क्रिटिकनी दहापैकी सहा-सहा दिले, ठीक आहे, बघण्यासारखी आहे, एवढंच. सगळे पसंत, म्हणून टोमॅटो १०० टक्के. दुसरी फिल्म अशी की सात जणांनी दहापैकी दहा दिले, आयुष्यात एकदा बघावी असं लिहिलं, आणि तिघांनी चिडून तीन दिले. टोमॅटो ७० टक्के. पण सरासरी काढलीत तर पहिलीला सहा आणि दुसरीला ७.९. म्हणजे ज्या फिल्मने सात माणसांना हलवून सोडलं ती ७० वर आणि जिने कोणालाच काही केलं नाही ती १०० वर. आणि चित्रविचित्र विषयाच्या फिल्म बऱ्याचदा दुसऱ्या जातीच्या असतात, काहींना खूप भिडतात, काहींना सहनच होत नाहीत, त्यामुळे अशी फिल्म नव्वदीत असली तर ती जपून, कोणाला न दुखावता बनवलीय असंही असू शकतं, आणि सत्तरीत असली म्हणून ती सोडून द्यायची तर चांगली गोष्ट हातची जाऊ शकते.

मेटाक्रिटिक नावाची दुसरी साइट आहे, २००१ पासून, ती सरासरी काढते. प्रत्येक रिव्ह्यूला शंभरपैकी मार्क देते आणि काही प्रकाशनांना जास्त वजन देते, कुणाला किती ते मात्र उघड करत नाही. तिथे साठ-पासष्ट दिसले तरी ते चांगलेच समजायचे. दोन्ही साइटवर एकाच फिल्मचे आकडे वेगळे दिसतात ते कोणीतरी खोटं बोलतंय म्हणून नाही, प्रश्नच वेगवेगळे विचारलेत.

पण मग छोट्या डॉक्युमेंटरींनाच एवढे मार्क का?

दोन कारणं, दोन्ही साधी आहेत. पहिलं, मोठ्या सिनेमावर लिहिणं ही ड्यूटी असते, आवडो न आवडो, पेपरच्या माणसाला लिहावंच लागतं. सव्वा तासाच्या, आइसलँडच्या म्युझियमवरच्या डॉक्युमेंटरीवर लिहायला सगळ्यांकडे जागाही नसते आणि वेळही, लिहितो तो बहुतेकदा ज्याला आधीच थोडं कुतूहल आहे तो. म्हणजे परीक्षेला बसलेलीच निम्मी पोरं त्या विषयाची आवड असलेली, मग निकाल चांगलाच लागणार.

दुसरं, संख्या. मोठ्या सिनेमाला तीनशेच्या वर रिव्ह्यू येतात, तिथे एकाने मत बदललं तर टक्क्याच्या एक-तृतीयांश एवढाच फरक पडतो. वीस रिव्ह्यू असलेल्या फिल्मचा एक रिव्ह्यू इकडचा तिकडे झाला की सरळ पाच टक्के. म्हणून टक्केवारीच्या शेजारी जी बारीक अक्षरात रिव्ह्यूंची संख्या असते ती आधी बघा, माझ्या मते टक्केवारीपेक्षा ती जास्त कामाची आहे.

म्हणजे आकडे मॅनेज करता येतात?

येतात, आणि झालंय तसं. २०२३ मध्ये सिनेमा-टीव्हीवर लिहिणाऱ्या व्हल्चर या अमेरिकन साइटने मोठा रिपोर्ट छापला की एक पीआर कंपनी कमी प्रसिद्ध क्रिटिकना ५० डॉलर किंवा जास्त देऊन छोट्या सिनेमांचे रिव्ह्यू लिहवून घेत होती, आणि एका सिनेमाची टक्केवारी ४६ वरून ६२ वर गेली, म्हणजे नापास ते पास. नंतर रॉटन टोमॅटोजने त्या कंपनीचे बरेच सिनेमे यादीतून काढले. 'द फायनल मेंबर'चा याच्याशी काडीचाही संबंध नाही, पण हा प्रकार छोट्याच सिनेमांच्या बाबतीत का जमतो ते आता लक्षात आलं असेल, तीनशे लोकांना फिरवणं अवघड, चार-पाच सापडतात.

आणि कोणी म्हणेल मग आयएमडीबी बघू, तिथे सामान्य लोकांची मतं असतात. बघा की, पण तिथेही मत देतो तो स्वतःहून आलेला माणूस, एकतर फार आवडली म्हणून किंवा राग आला म्हणून. मधला, ठीक वाटली म्हणणारा माणूस फिल्म संपली की झोपायला जातो.

असल्या विषयाला चांगलं म्हणणं म्हणजे अतीच झालं, नाही का?

हा आक्षेप मी बऱ्याच जणांकडून ऐकलाय आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. घरात मोठी माणसं असताना टीव्हीवर हे लागलं तर अवघडायला होणार हे खरंच आहे. पण क्रिटिक विषयाला मार्क देत नाही, तो विषयाचं केलं काय ते बघतो. एखाद्याने आयुष्यभर एकच वस्तू गोळा केली तर त्यातून त्या माणसाचं आयुष्य दिसायला लागतं. पुण्यात शुक्रवार पेठेत राजा केळकर म्युझियम आहे, दिनकर केळकरांनी आपल्या गेलेल्या मुलाच्या नावाने उभं केलेलं, तिथे अडकित्त्यांची आणि दिव्यांची रांग बघताना अडकित्त्यात एवढं काय बघायचं असं कोणी म्हणत नाही, कारण मागे उभा असलेला बाप दिसतो. सिग्गींच्या बरण्यांमागेही एक माणूस उभा आहे, वस्तू आपल्याला ओशाळं करते एवढंच.

चांगली गोष्ट ही की फिल्म बनवणाऱ्यांनी हे ओळखलं. त्यांनी सिग्गींना बोलू दिलंय, त्यांच्या घरी, बायकोबरोबर, त्यांच्या संथ लयीत, आणि आइसलँडचा उघडा माळ आणि समुद्र असा काही टिपलाय की एखाद्या गंभीर कथापटाचा वाटावा. मधे मधे हशा पेरायला टिंगलीचं संगीत टाकलं असतं तर सोपं गेलं असतं, टाळ्याही मिळाल्या असत्या. सिग्गी स्वतः आपल्या कामाबद्दल हसतात, मिश्कील माणूस आहे, पण ते काम फालतू आहे असं एका क्षणीही वाटू देत नाहीत, आणि कॅमेरा त्यांच्याच बाजूला उभा आहे.

आणि तो अमेरिकन?

इथे मात्र नाराज क्रिटिकांचं म्हणणं मला पटतं, अर्धं तरी. सिग्गींवर आपण हसतो तेव्हा तेही हसत असतात. या माणसावर हसताना तो हसत नसतो. तो एकटा आहे, काहीतरी दुखलेलं आहे हे त्याच्या बोलण्यातून कळतं, आणि त्याला वाटतंय की या एका गोष्टीने आपलं नाव राहील. त्याच्या मागण्या, त्याच्या कल्पना वाढत जातात आणि सिग्गी वैतागायला लागतात, आणि थिएटरमधला हशा नेमका इथेच सर्वात मोठा येतो.

त्याने शूटिंगला परवानगी दिली होती, ठीक. पण डॉक्युमेंटरीत परवानगी ही कॅमेऱ्यापुढे बसायची असते, नंतर एडिटिंगच्या खोलीत कुठलं वाक्य कुठल्या वाक्यानंतर जोडायचं हे ठरवताना तो माणूस तिथे नसतो. त्याचं एक वाक्य घ्यायचं आणि लगेच सिग्गींचा कंटाळलेला चेहरा दाखवायचा, एवढ्यावर प्रेक्षकाचं मत बनतं. काही क्रिटिकना वाटलं फिल्मने शेवटपर्यंत त्यालाही माणूस म्हणूनच बघितलं, काहींना वाटलं त्याचा तमाशा केला. मी दुसऱ्यांदा बघितली तेव्हा त्याचे सीन मला हसू न येता बघवले, आणि मग फिल्मबद्दलचा माझा राग थोडा कमी झाला, कारण तसं बघायची जागा तिच्यात आहे. पहिल्या वेळी ती मला दिसली नव्हती.

आता हा सगळा वाद बघा, फिल्मबद्दल बोलण्यासारखं जे आहे ते इथेच आहे, आणि टोमॅटोच्या हिशोबात याचं काय होतं? ज्याने लिहिलं 'सुंदर आहे पण त्या माणसाशी अन्याय झाला' त्याचंही एक पसंत, आणि ज्याने लिहिलं 'धमाल आहे, पोट धरून हसलो' त्याचंही एक पसंत. दोघांनी दोन वेगळ्या फिल्म बघितल्या जणू, आणि आकड्यात दोघे जुळे भाऊ.

मग रिव्ह्यू वाचायचे तरी कसे

मी असं करतो की टक्केवारीवर क्लिक करून आत जातो, एक पसंतीचा आणि एक नापसंतीचा रिव्ह्यू उघडतो, दोन्ही पूर्ण वाचतो. नापसंतीवाल्याने ज्या कारणासाठी नाक मुरडलंय ते कारण आपल्याला चालणारं असेल तर फिल्म बघायची. संथ आहे असं तो म्हणतो, मला संथ आवडतं, झालं. माणसाची टिंगल केलीय असं म्हणत असेल तर मात्र मी थांबतो आणि आणखी एक-दोन वाचतो. पाच-सात मिनिटांचं काम आहे, ट्रेलर बघण्यापेक्षा फायद्याचं, कारण अशा फिल्मचे ट्रेलर हटकून सगळ्यात गमतीशीर क्षण एकत्र करतात आणि संथ, जड भाग लपवतात, त्यामुळे ट्रेलर बघून गेलेला माणूस भलतीच अपेक्षा घेऊन बसतो.

'द फायनल मेंबर' लहान मुलांसोबत बघायची फिल्म नाही, बरण्यांमधलं सगळं जवळून दिसतं आणि ऑपरेशनची बोलणी मोकळेपणाने होतात. रक्त बघून किंवा त्या नुसत्या विचाराने ज्यांच्या पोटात कालवतं त्यांनीही जपून. बाकी ज्यांच्या घरात एखादा म्हातारा काड्यापेट्या, तिकिटं, जुनी कुलुपं असलं काहीतरी जमवत बसलेला आहे, आणि माझ्यानंतर हे कोण सांभाळणार असं अधूनमधून विचारतो, त्यांनी ही फिल्म त्यांच्या शेजारी बसून बघायला काही हरकत नाही, सुरुवातीची दहा मिनिटं अवघड जातील.